तांब्याचा शंट आणि माझी सही

मंडळी, दोन रेडिओ, एक अ‍ॅम्प्लिफायर, घरचा स्टॅबिलायझर आणि शेजाऱ्यांचे बॅटरी चार्जर मी स्वतःच्या हातांनी बनवलेत, तेही कॉलेजची पायरी न चढता. म्हणूनच आज विश्वकर्मा या औद्योगिक भागातल्या एका चार्जर कारखान्याने मला बोलावलं.

तिथल्या चार्जरवरचे मीटर सकाळी बरोबर असत, दुपारी मात्र करंट जास्त दाखवत. ते पाहून गिऱ्हाईक करंट कमी करत आणि बॅटऱ्या अर्ध्याच चार्ज होत.

मी चार्जर उघडला. शंट, म्हणजे ज्या पट्टीवरून मीटर करंट मोजतो ती, चक्क तांब्याची! तांबं तापलं की त्याचा रोध वाढतो आणि काटा थापा मारतो. मी मँगॅनिनची, म्हणजे तापलं तरी रोध जवळपास न बदलणाऱ्या मिश्रधातूची, पट्टी बसवली, मीटरच्या तारा थेट तिच्यावर जोडल्या. पट्टी गरम झाली, काटा जागचा हलला नाही.

कारखान्याचे मालक सेठजी म्हणाले, "भाईसाहब, ये महँगा है. तांबा ही चलने दो, आप बस टेस्टिंग की चिट पर साइन करते रहना."

"सेठजी, जून में आपका मीटर मुझे गालियाँ खिलवाएगा!"

तुम्ही सही केली असती का, खरं सांगा.

सेठजी देत होते ती तपासनिसाची कायम नोकरी होती, महिना अडीच हजार रुपये. मी नाही म्हणून आलो.