मूठभर माती, परक्या हातची

त्या उन्हाळ्यात मी देवाशी बोलणं सोडलं होतं. कोरोनाची दुसरी लाट होती. पापडी गावात आमच्या आळीतली माणसं एकामागून एक जात होती. चर्चला कुलूप होतं, मिस्साची उपासना मोबाईलवर चाले. सासूबाई त्या छोट्या पडद्यासमोर गुडघे टेकत, मी स्वयंपाकघरात भांडी घाशीत राही. माझे पती हॉस्पिटलात ऑक्सिजनवर होते. पहिला आठवडा मी रोज रोझरीची जपमाळ म्हटली आणि रोज त्यांची प्रकृती खालावत गेली. एका संध्याकाळी मी माळ कपाटात ठेवून दिली. ऐकणारं कुणी नाही, अशी माझी खात्री झाली होती.

मग एका सकाळी हॉस्पिटलातून फोन आला. ते गेले होते.

गावात कुणाचं निधन झालं की शवपेटीला खांदा द्यायला ते सगळ्यांच्या आधी पोहोचत. वाडीत केळींना पाणी सोडलेलं असलं, तरी तसंच टाकून जात. त्यांच्या पेटीपाशी मात्र घरचं कुणी नव्हतं. सासूबाई आणि मी दोघीही पॉझिटिव्ह, शेजारशेजारच्या खोल्यांत बंद. आमचे फादर स्वतः आजारी होते. त्यांनी फोनवरून सांत्वन करायचा प्रयत्न केला, पण धाप लागून त्यांचं वाक्य पुरं झालं नाही. त्यांच्या जागी येणारे दुसरे फादर आणखी एका दफनासाठी दुसऱ्या सिमेंटरीत गेले होते. मी खाटेवर बसून होते. रडू येत नव्हतं, नुसता राग होता.

दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला.

"ताई, मी ॲम्ब्युलन्सवाला, चांदीप गावचा. दादांना सिमेंटरीत आनलंय. फादर अजून आले नाय, आनि आम्हाला जास्त थांबता येत नाय, पुढची खेप हाय." तो जरा घुटमळला. "पन असंच मातीत ठेवनं बरं वाटत नाय. तुमची काय प्रार्थना असेल ती बोला. मी फोन पेटीजवळ धरतो."

"मला नाही जमणार," मी म्हटलं.

"मग कोन बोलनार, ताई? आम्हाला तर येत नाय."

मी 'हे आमच्या स्वर्गातील बापा' सुरू केलं. आवाज कोरडा होता. 'तुझी इच्छा' इथपर्यंत आले आणि जीभ थांबली. कसली इच्छा? कशासाठी? फोनमधून नुसता वारा ऐकू येत होता.

"ताई, थांबू नका," तो हळूच म्हणाला. "आम्ही चौघं हात जोडून उभे हाव. तुमचं झाल्याशिवाय माती नाय टाकत."

तेवढ्यात बंद दारापलीकडून सासूबाईंचा आवाज आला. त्यांचा एकुलता एक मुलगा त्या पेटीत होता. "तुझी इच्छा पूर्ण होवो," त्या खोकत, एकेक शब्द उचलत म्हणाल्या. त्यांच्यामागून मी म्हटलं, आणि मग शेवटपर्यंत आम्ही दोघी बरोबर म्हणत गेलो. लाकडावर माती पडल्याचा आवाज आला.

"ही मूठ तुमची," तो म्हणाला. "आता ही आईंची."

तेव्हा मला रडू फुटलं.

सासूबाई बऱ्या झाल्या, मीही झाले. चर्च उघडल्यावर यांच्या वर्षाच्या मिस्साला मी त्या ॲम्ब्युलन्सवाल्याला बोलावलं. चपला बाहेर काढून तो शेवटच्या बाकामागे उभा राहिला. मी आभार मानू लागले, तर त्याला अवघडल्यासारखं झालं. "तुमच्यानंतर मी जमेल तसा सगळ्यांच्याच घरी फोन लावत होतो," तो म्हणाला. "आधी हे सुचलंच नव्हतं."

लोक त्याला देवदूत म्हणतात. मी म्हणत नाही. तो हाडामांसाचा माणूस आहे; त्या दिवशी सकाळपासून उपाशी होता, हे त्यानेच नंतर सांगितलं. पण त्याला माझ्याकडे कुणी पाठवलं, हे मी आता विचारत नाही. माझे पती का गेले, याचंही उत्तर मला मिळालेलं नाही. एवढंच ठाऊक आहे, की माझ्या हातून जे घडायला हवं होतं, ते एका परक्या हाताने केलं आणि मी ते आपलं मानलं. देवाच्या इच्छेपुढचं समर्पण याहून मोठं असेल, तर ते मला अजून कळलेलं नाही. जेवढं कळलं, त्याबद्दल मी प्रभूची ऋणी आहे.