मशीननं टाकलेली डाळ

तुरीच्या भुशाचा वास आला की मला वाशीतल्या आमच्या डाळमिलमधले जुने दिवस आठवतात. तिथं आम्ही बायका डाळ निवडायचो. मग मालकांनी कॅमेऱ्याचं मशीन आणलं. ते एकेक दाणा पाहून खराब दाणे हवेच्या झोतानं उडवायचं. आठवडाभरानं मालक म्हणाले, "उद्यापासून येऊ नका. मशीनची नजर चुकत न्हाय." मी मशीननं टाकलेली डाळ सुपात पाखडून त्यांच्यापुढं धरली. निम्मी पिवळीधमक, चांगली होती. मग मशीन बंद करून कॅमेऱ्यापुढची काच पदरानं पुसली, तर पदर डाळीच्या पिठानं माखला. म्हटलं, "मालक, आमचे डोळे आमी रोज सकाळी धुतो. ह्याचा डोळा कोण धुणार?" आता ते मशीन मीच चालवते आणि सूप त्याच्याशेजारीच टांगलंय, मालकांना येता-जाता दिसेल असं.