बेंदराला काढलेला पट्टा

परवा विश्रामबागेत नातू कुत्र्याच्या कातडी पट्ट्याला एरंडेल चोळत बसला होता. त्या वासासरशी मी १९६०च्या दशकातल्या एका बेंदराला जाऊन पोचलो.

आमचा मळा सांगलीच्या वेशीला लागून होता. बेंदूर हा बैलांचा सण, त्या दिवशी त्यांच्या मानेवर जू नसतं, म्हणून मी आमच्या कुत्र्याच्या, मोत्याच्या, गळ्यातला पट्टाही काढला आणि एरंडेल लावून खुंटीला अडकवला. "आज तुलाबी सुट्टी रं," म्हणालो. नगरपालिकेचा बिल्ला त्या पट्ट्यालाच होता. बिल्ला नसलेल्या कुत्र्यांना विषाचे गोळे टाकायचं काम दौलूकडे असे. दुपारी मोत्या रस्त्यावर पाय ताणून मेला. तोंडाला फेस होता.

वडिलांच्या भीतीने, ते मळ्यातून येण्याआधी, मी पट्टा आणून मेलेल्या मोत्याच्या गळ्यात बांधला.

वडिलांनी दौलूची गचांडी धरली. "एवढा बिल्ला दिसंना व्हय रं तुला?"

"आवं अण्णा, गळा मोकळा हुता. लेकरांची आण!" दौलू माझ्याकडे वळला. "धाकलं मालक, तुमी तरी सांगा की."

"पट्टा हुता," मी म्हणालो.

वडिलांनी तक्रार केली आणि दौलूची नोकरी गेली. बायकापोरांना घेऊन तो फलटणकडे ऊस तोडायला गेला, असं नंतर कानावर आलं. मोत्यासाठी लोक माझ्याजवळ हळहळत राहिले, आणि ती हळहळ मी कितीतरी वर्षं निमूट घेतली. वडील गेले, बहुधा दौलूही गेला असेल.

तो खरं बोलला होता.