वैजयंतीच्या कडक स्कीज

कॉव्हेंट्रीतल्या एका प्राथमिक शाळेत वैजयंती टिपणीस अकरा वर्षं डिनर लेडी होती. अडीचशे पोरांना जेवण वाढायचं, आणि कोणी मटार बटाट्याखाली दडवले तर लांबूनच ओळखायचं, हे तिचं काम. अठ्ठेचाळिसाव्या वाढदिवसाला मुलीनं, निवेदितानं, इनडोअर स्लोपवरचे, म्हणजे छपराखालच्या बर्फाच्या उतारावरचे, स्कीइंगचे चार धडे भेट दिले. दिलेलं वाया कशाला घालवा, म्हणून वैजयंती गेली. चार धडे कधीच संपले, पण रविवार सकाळचं जाणं काही सुटलं नाही.

दोन वर्षांत ती धीट झाली. वेग धरला की भाड्याच्या मऊ स्कीज पायाखाली फडफडायला लागायच्या. तिला शिकवणारा ओवेन, वेल्स सोडून इकडे आलेला अबोल माणूस, एक दिवस म्हणाला, "तुझ्यापुढे त्या आता पुऱ्या पडत नाहीत. कडक कार्व्हिंग स्कीज घे, धारेवर वळणाऱ्या."

२००५च्या ऑक्टोबरात तिनं त्या घेतल्या. बूट स्कीला धरून ठेवणारं बाइंडिंग किती घट्ट करायचं, हे ठरवायला स्लोपशेजारच्या दुकानात एक फॉर्म भरायचा होता. वय, उंची, वजन. मागे दोन तरुण उभे होते. तिनं तेरा स्टोनच्या, म्हणजे ब्याऐंशी किलोंच्या, जागी साडेदहा स्टोन लिहिलं आणि फॉर्म उलटा करून दिला.

पहिल्याच रविवारी स्कीज तिचं ऐकेनात. वळायच्या ऐवजी सरळ खाली धावल्या. घाबरून ती मागे रेलली, तशा आणखी सुटल्या. शेवटी मन घट्ट करून तिनं जोर दिला, तर खट्कन बूटच निसटला आणि ती कुशीवर घसरत खालच्या जाळीला टेकली. असं तीन रविवार झालं.

"परत करू का हो?" तिनं घरी नवऱ्याला विचारलं.

"कर की," कमलाकर म्हणाला. "या वयात गुडघे सांभाळावेत."

बोलणं सरळ होतं, तरी तिला लागलं.

चौथ्या रविवारी इंग्लंडातच वाढलेली निवेदिता सोबत आली होती; आई पुन्हा पडल्यावर तिनं तिला स्लोपच्या कॅफेत बसवलं. "मम, तू फॉर्मवर तुझा वजन काय लिहिला?"

"का गं?"

"ओवेन म्हणतो, बाइंडिंग लवकर उघडते. हलका माणूससाठी सेट केली आहे."

वैजयंती चहा ढवळत राहिली. "साडेदहा."

"आणि खरा?"

"तेरा."

निवेदिता हसली नाही. "दॅट्स डेंजरस, मम. तुझी पाय मोडली असती."

लग्नाआधीपासून वैजयंतीनं आपल्या वजनाचा खरा आकडा कोणाला सांगितला नव्हता. डॉक्टरकडे काट्यावर चढताना ती बांगड्यासुद्धा काढून ठेवायची. आता ती उठली, दुकानात गेली आणि काउंटरवर सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "थर्टीन स्टोन. दोनेक पौंड जास्तच असेल."

काउंटरमागच्या माणसानं वर पाहिलंही नाही. स्क्रूड्रायव्हर घेतला, स्क्रू फिरवले आणि स्कीज तिच्या हातात दिल्या.

बूट निसटायचे थांबले, पण वळण लगेच जमलं नाही. ओवेन म्हणायचा, "मागे रेलू नकोस. नडगी बुटावर दाब, स्की धारेवर तिरकी कर आणि थांब. तुझं सगळं वजन तिच्यावर येऊ दे. ती वाकते, पण जरा वेळानं." ते थांबणंच अवघड होतं. सोमवारी मांड्या इतक्या भरून यायच्या की शाळेचा जिना ती आडव्या पावलांनी उतरायची.

डिसेंबरात एका सकाळी उजव्या वळणावर ती न घाबरता थांबली. पायाखालची स्की धनुष्यासारखी वाकली आणि तिला आपोआप वळवून घेऊन गेली. खाली पोचून तिनं मागे पाहिलं, तर बर्फात दोन बारीक, स्वच्छ रेघा उमटल्या होत्या. ती लगेच पुन्हा वर गेली. डावं वळण मात्र पार वसंत येईपर्यंत बिघडतच राहिलं.

जानेवारीत कमलाकर पहिल्यांदा बघायला आला. कोट न काढता कॅफेच्या काचेमागे उभा राहिला. ती बाहेर आल्यावर त्यानं विचारलं, "भीती नाही वाटत तुला?"

"वाटते ना," वैजयंती म्हणाली. "पण आता मागे रेलत नाही मी."

"पुढच्या रविवारी किती वाजता निघायचं?" त्यानं विचारलं, आणि तिच्या हातातल्या स्कीज उचलून खांद्यावर घेतल्या.