दुमडलेली बैलजोडी

माझ्या आजोबांना मोटार चालवता येत नव्हती, ही बाब मला माझ्याच मुलीच्या सोयरिकीच्या बैठकीत समजली.

तत्पूर्वी वीस-बावीस वर्षे ते (फोटोत) मोटार चालवत होते. वसमतच्या तहसील कचेरीसमोर लोकांचे अर्ज लिहून मी घरी यावे, बाजारातून येणाऱ्या हळदीच्या वासाने डोळे जड व्हावेत, आणि भिंतीवरच्या फोटोतली ती जुनी उघडी मोटार हळूच चालू व्हावी, असा माझा दुपारचा नेम होता. टोपी घालून ऐटीत बसलेले, ते आजोबा. मागचे पाणी, तो हैद्राबादचा तलाव. मला कोणी विचारले नव्हते. तरीही हा तपशील मी फोटोखाली सुवाच्य अक्षरांत लिहून, ‘सदर माहिती खरी आहे’ असे नमूद करून सही ठोकली होती.

फोटो चौकटीपेक्षा रुंद निघाल्याने कडेची बैलजोडी मी स्वतः मागे दुमडली होती. अर्जातला अनावश्यक मजकूर गाळावा, हा माझा व्यावसायिक नियम! (शिक्षण सातवीपर्यंतचे असले, तरी नियम पदवीधराचे आहेत.)

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस हट्टा गावचे पाहुणे आले. मुलगा शिक्षक. माझ्या मंदाला तो पसंत, त्याला मंदा पसंत. उरले होते केवळ वडीलधाऱ्यांची मान हलणे. आज मोटारीचा विषय काढू नका, असे पत्नीने बजावले होते. मी तो पोहे संपण्यापूर्वीच काढला.

मुलाचे आजोबा, आप्पा, चष्मा पुसत फोटोजवळ गेले.

“मुन्शीजी, ह्यो टोपीवाला तुमचा आजा व्हय?”

“बराबर. हैद्राबादेत.”

“मंग माझा बाप तुमच्या आज्याच्या जागी काहून बसून राहिला?”

दारामागे मंदाच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या. आप्पा शांतपणे सांगत गेले, की हा त्यांच्या गावचा ओढा. मोटार गाळात रुतली होती, ती बैलांनी ओढून काढली. मग बैल कुठे गेले, असे त्यांनी मलाच विचारले.

सदर बैलांशी माझा संबंध नाही, असे मी म्हणणार, तोच पत्नीने चौकट उतरवून मागचा पुठ्ठा काढला.

“हितं हाईत, आप्पा. यांनी दुमडून ठेवलेत.”

घडी उघडली. बैल निघाले. त्यांच्या मागे, गुडघाभर चिखलात, शेपटी पिळणारा एक उघडाबंब माणूस निघाला. गडी समजून मीच त्याला दुमडले होते. त्याचे नाक मात्र हुबेहूब माझे होते.

सोयरीक मोडली, असे मी मनातल्या मनात लिहूनही टाकले. आप्पांनी ते नाक पाहिले, मग माझे पाहिले.

“बाप सांगायचा, वसमतच्या एका मानसानं मोटार काढली, अन् बदल्यात फकस्त फोटू मागितला. मुन्शीजी, तारीख काढा. आमची गाडी तुमच्याच घरच्यांनी हालती.”

ते शब्दशः खरे ठरले. वरातीची जीप त्याच ओढ्यात रुतली आणि सगळे वऱ्हाड निमूटपणे माझ्याकडे पाहू लागले. नवी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून मी मागून रेटा दिला. तेवढ्यात फोटोग्राफरने फोटो काढला.

तो फोटो मंदाच्या बैठकीत लावलेला आहे. जीप सुंदर आली आहे, जावईही छान आले आहेत. चौकट लहान निघाल्याने मी मागे दुमडलेला आहे.