हवालदारांचा प्रश्न

हवालदारांना राग आला की ते आधी तोंडावरचा मास्क खाली ओढायचे. किडनी बदललेल्या माणसानं गर्दीत असं करू नये, हे धंतोलीतल्या दवाखान्याच्या बाकड्यावर बसणाऱ्या आम्हा सगळ्या पेशंटांना पाठ होतं. त्यांनाही होतं. पण मास्कमधून भांडण नीट होत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. पोलिसात ते कधीच नव्हते, कोराडीच्या वीज केंद्रात कामाला होते. पण रांगेत कोणी घुसलं की "ओ भाऊ, आमी काय इथं माश्या मारून राहिलो का?" अशी गर्जना व्हायची, म्हणून हवालदार.

आमच्या बाकड्यावर नमस्कार-चमत्कार नव्हते. पहिला प्रश्न एकच: "क्रिएटिनीन किती?" रक्तातला हा आकडा चांगला तर किडनी चांगली, आणि किडनी चांगली तर माणूस चांगला. हवालदारांचा आकडा असा की नवे पेशंट त्यांच्याकडे आशेनं बघायचे. किडनी त्यांच्या बायकोची, म्हणजे आमच्या वहिनींची. ती त्यांच्या अंगात कित्येक वर्षं गुण्यागोविंदानं नांदत होती. नांदत नव्हते ते दोघं.

हे मला त्यांनीच चहाच्या टपरीवर सांगितलं, दुसरीकडे बघत. वय चाळिशीचं, पण दाढी वाढेना, अंगात त्राण नाही, आणि बायकोजवळ जावंसंच वाटत नाही. त्यात त्यांच्या उमरेडच्या आत्याबाईंनी घरात फर्मान काढलेलं: "आता तुमी एका अंगाचे झाले, भाऊ-बहिनीसारखे राहा." साऱ्या धंतोलीशी भांडणारा हा माणूस तिथं गप्प बसला, कारण खरं सांगायची लाज वाटली. वहिनींनी त्या गप्प बसण्याचा अर्थ लावला: किडनी घेतली आणि मला परकी केली. त्या मौद्याला माहेरी जायच्या गोष्टी करू लागल्या होत्या.

"डॉक्टरले विचारा ना," मी म्हटलं.

"कसा विचारू गा? आत चार पेशंट उभे, दरवाजा सताड उघडा. लघवी किती झाली ते विचारतेत. माणूस कसा आहे, ते कोन विचारते?"

माझा संताप होतो तो इथंच. दर खेपेला आमच्या रक्तातलं काय काय मोजणाऱ्या त्या जागेत, पुरुषी हार्मोनही एकदा मोजावं, असं एकाही शहाण्याला सुचलं नव्हतं!

शेवटी एकदा हवालदारांनी मास्क ओढला आणि सगळ्यांदेखत विचारलं. मोठे डॉक्टर हसले. "अहो, जीव वाचला ना? आता देवाचं नाव घ्या."

"जीव वाचवला तो जगाले ना, सायेब? का नुसता रिपोर्ट चांगला दिसाले?"

बाहेर बाकड्यापर्यंत ऐकू आलं. कोणी हसलं नाही. आमच्यातले कितीतरी पुरुष एकदम जमिनीकडे बघू लागले. मीही.

तिथल्या एका तरुण डॉक्टरबाईंनी मात्र त्यांना बाजूच्या खोलीत नेलं आणि दार लावून घेतलं. सकाळचं रक्त दोनदा तपासलं. हार्मोन फारच कमी निघालं. मग बाईंनी वहिनींनाही बोलावून सांगितलं, की किडनी बिघडली की असं होतं. ती बदलल्यावर काहींचं सुधारतं, काहींचं नाही, म्हणून तपासायचं असतं. उपचारही असतात. वहिनी बाहेर आल्या त्या भडकूनच. "मले काहून नाही सांगतलं? मी काय मेली होती का?" भर रस्त्यात त्यांनी नवऱ्याला झापलं, आणि शिव्या खाताना इतका खुशीत दिसणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. औषध लागू पडलं. माहेरी जायची भाषा बंद झाली, आणि बाकड्यावर दोघं खेटून बसू लागले.

पुढच्या वर्षी न्यूमोनियानं हवालदार गेले. त्याला इलाज नव्हता, त्याचा राग मी धरत नाही. कोराडीला भेटायला गेलो, तेव्हा वहिनी रडत नव्हत्या. तुमच्यामुळे त्यांना एवढी वर्षं मिळाली, असं काहीतरी ठरावीक मी बोललो.

"एकच वर्ष भेटलं आमाले, भाऊजी," त्या म्हणाल्या. "त्याच्या आधीचे सारे वर्षं आमी एका घरात पाहुन्यासारखे राहिलो. ते वर्षं कोन वापस देईन, सांगा ना."