खाडीतला खुंट

“पान्याला तालुका नसतो, साहेब,” जानू म्हणाला होता. तेव्हा त्याला बेड्या पडल्या होत्या आणि लाँचवरचे पोलीस हसत होते.

खाडीकाठच्या दिवाळे गावातल्या या माणसाला एका जागी बसणं कधी जमलंच नाही. जेवतानासुद्धा त्याचा एक गुडघा वर असायचा. बायजाला वाटे, आपलं लग्न भरती-ओहोटीशी लागलंय.

एक्क्याऐंशी साली खाडीत माती टाकणाऱ्या लॉऱ्या त्यानं अडवल्या. मारामारीत एका ड्रायव्हरचं डोकं फुटलं, आणि जानू दोन वर्षांसाठी ठाणे, मुंबई, रायगड या तिन्ही जिल्ह्यांतून तडीपार झाला. बायजाचा मावसभाऊ गंगाराम संगमनेरला वीटभट्टीवर होता, जानू तिकडे गेला. गंगाराम गावी आला की सांगायचा, “बायजे, तुजा नवरा विटा रचताना मदीच थांबतो न म्हनतो, आता सुकती लागली, पानी उतरंल. तिकडं नदीलाच पानी नाय.”

बायजाला हसू येईना. खाडीत डोल, म्हणजे पिशवीसारखं लांब जाळं, लावायला प्रत्येक घराचा एक खुंट असतो. हंगामात मालकानं स्वतःच्या हातानं एकदा तरी त्याला जाळं बांधायचं. नाही बांधलं तर गाव तो खुंट दुसऱ्याला देतं. बाईचा हात चालत नाही. जानूला मुलगा नव्हता, दोन मुलीच. गावपंच जयदेव येता-जाता विचारी, “काय गो, यंदा कोन बांधनार?”

तिनं निरोप धाडला. जानू निघाला, तोही कायदा सांभाळत, तिन्ही जिल्हे टाळून. संगमनेरहून पुणे, सातारा, चिपळूण, हर्णै असा एसटीनं दोन दिवसांचा वळसा. हर्णैहून मासळीच्या मचव्यात. खाडीच्या तोंडाशी बायजाच्या सख्ख्या भावानं होडी पोचवली, तीत उतरला. जमिनीला पाय लागू दिला नाही. सकाळी खुंटाला जाळं बांधलं. बायजा धक्क्यावरून म्हणाली, “पोरींना तरी भेट.” तो होडीतूनच म्हणाला, “जमिनीवर आलो तर गुन्हा व्हईल.” दुपारी पोलिसांची लाँच आली.

खालच्या कोर्टानं सहा महिने दिले. अपील ठाण्याला सुनावणीला येईपर्यंत तडीपारी संपून गेली होती, जानू जामिनावर घरी होता. वाशीच्या फ्लॅटमध्ये राहणारे नंदकिशोर वकील खुशीत होते. “पंचनाम्यात जाळ्याचा उल्लेखच नाही. होडी भरतीनं आत ओढली, तू मुद्दाम आलाच नाहीस. केस साफ. टेन्शन घेऊ नको.”

“म्हंजे मी बांधलंच नाय?”

“कोर्टापुरतं रे.”

पण कोर्टात मागच्या बाकावर जयदेव येऊन बसला होता. बायजाला त्याच्याकडे बघवेना. जे इथं लिहिलं जाईल ते संध्याकाळी देवळापुढे वाचलं जाईल, आणि जाळं बांधलंच नाही असं ठरलं तर खुंट जाईल, हे तिला कळत होतं. तरी तिच्या मनात एकच होतं: वाहत आली म्हण. खुंट जाऊ दे. मी दुसऱ्याची मासळी विकीन. पिंजऱ्यात जानू या पायावरून त्या पायावर होत होता. लाकूड कुरकुरत होतं. वकिलांनी ओढ, वारा, अमावस्येची भरती, सगळं चांगलं मांडलं.

जज्जांनी चष्मा काढला. “होडी आपोआप आत आली, असं वकील म्हणतात. खरं का?”

जानूचे पाय थांबले. बायजानं त्याला इतकं स्थिर कधी पाहिलं नव्हतं.

“नाय साहेब. वल्हवून आनली. खुंट माजा हाय. माज्या हातानं जाळं बांधलं.”

वकिलांनी फाईल मिटली. अपील फेटाळलं, सहा महिने कायम. कारकुनानं जानूचं बोलणं लिहून घेतलं. मागे जयदेव हळूच उठला आणि टोपी घालून निघून गेला.

“अरे, सुटला होतास तू,” नंदकिशोर म्हणाले. “एवढ्याशा लाकडासाठी?”

बायजा पुढे झाली. “पोरींना काय सांगू?” तिनं विचारलं. तिला रागही आला होता, आणि सहा महिन्यांनी, ऑगस्टात तो सुटेल, तेव्हा हंगाम नुकता लागलेला असेल, जाळं बांधायला वेळ असेल, हा हिशेबही नको असताना डोक्यात झाला होता.

जानूनं तिच्याकडे एकदा पाहिलं. हवालदारानं त्याच्या कोपराला हात लावण्याआधीच तो वळला, आणि दारातून बाहेर पडला.